मेटाबेसमध्ये नवा कॉलम दिसेना, जुने चार्ट तुटले – टेबलची स्कीमा (कॉलमांची रचना) अपडेट नेमकी कुठून करायची?

तिफण
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका दूध संघाच्या डॅशबोर्डचं काम मी बघते. डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, वर चार्ट दाखवणारं मेटाबेस, आमच्याच सर्व्हरवर टाकलेलं. संकलन केंद्रांचे सचिव, हिशोब विभाग, संचालक, सगळे तेच डॅशबोर्ड उघडतात. सकाळ-संध्याकाळच्या पाळीचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), लागलेला दर, उत्पादकाला जाणारी रक्कम, असं सगळं त्यात आहे.

सॉफ्टवेअरवाल्यांनी मागच्या आठवड्यात दोन बदल केले. संकलनाच्या टेबलात 'तापमान' हा कॉलम वाढवला, म्हणजे बल्क कूलरला दूध आलं तेव्हा किती अंशावर होतं ते, आणि दर-तक्त्याच्या टेबलातल्या 'रेट' कॉलमचं नाव बदलून 'मूळ_दर' केलं. तेव्हापासून तापमान मेटाबेसमध्ये कुठंच दिसत नाहीये आणि दराचे चार्ट एकजात एरर दाखवतायत. ऍडमिनमध्ये जाऊन डेटाबेस सिंकचं बटण दाबून झालंय.

(कॉलमची नावं इथे देवनागरीत लिहिलीत, टेबलात रोमन लिपीत आहेत.)

दोन प्रश्न आहेत. स्कीमा बदलली की डॅशबोर्डच्या बाजूला नेमकं काय काय अपडेट करावं लागतं, आणि पुढच्या वेळी चार्ट तुटू नयेत म्हणून तुम्ही काय करता? शेतकऱ्याला आज काय भाव लागला हे त्याला त्याच दिवशी दिसलं पाहिजे यासाठी हा सगळा खटाटोप आहे, त्यामुळे दराचा चार्ट बंद पडलेला मला अजिबात चालत नाही.

कोरडवाहू
मेटाबेसमध्ये दोन वेगळी कामं आहेत आणि बरेच लोक ती एकच समजतात. एक सिंक, म्हणजे कुठली टेबलं आहेत, त्यात कुठले कॉलम आहेत, कुठल्या टाइपचे आहेत हे डेटाबेसला विचारून स्वतःकडे लिहून ठेवणं. हे आपोआप दर तासाला होतं, तुम्ही काही बदललं नसेल तर. दुसरं स्कॅन, म्हणजे फिल्टरच्या ड्रॉपडाउनमध्ये दाखवायच्या किमती गोळा करणं, ते मुळात रोज एकदा होतं. नवा कॉलम हवा असेल तर पहिलं. फिल्टरमध्ये नवं केंद्र दिसत नसेल तर दुसरं, त्याचं 'री-स्कॅन फील्ड व्हॅल्यूज' असं वेगळं बटण त्याच पानावर आहे.

तुम्ही सिंक केलंय म्हणता तरी कॉलम दिसत नाही, म्हणजे गोम दुसरीकडे आहे.

रात्रपाळी
परमिशन बघितल्या का? मेटाबेसचा युजर कुठला आहे?

तिफण
@रात्रपाळी, फक्त वाचायचे अधिकार असलेला वेगळा युजर आहे. टेबल दिसतं, फक्त तो एक कॉलम दिसत नाही.

रात्रपाळी
मग टेबलवर सरसकट सिलेक्ट (वाचायचा अधिकार) दिलेलं असेल तर नवा कॉलम आपोआप त्यात येतो. एकेका कॉलमवर ग्रँट (परवानगी) दिली असेल तरच नवीन कॉलम बाहेर राहतो. काही ठिकाणी उत्पादकांचे बँक खाते नंबर लपवायला असं करतात, बघा तुमच्याकडे आहे का.

नवं टेबल दिसत नसेल तर त्याचा घोटाळा वेगळा. 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' (पुढच्या टेबलांना आपोआप अधिकार द्यायची आज्ञा) चालवून लोक निर्धास्त होतात, पण ते फक्त ज्या रोलसाठी (म्हणजे युजरसाठी) चालवलं त्याने पुढे बनवलेल्या टेबलांनाच लागू होतं. तुम्ही ऍडमिन म्हणून चालवलं आणि टेबल बनवलं ऍप्लिकेशनच्या युजरने, तर त्याला काही लागू होत नाही. हे शोधायला माझी एक अख्खी रात्र गेलीये.

खडीसाखर
आम्ही मेटाबेससारखंच रिडॅश वापरतो, तिथे मागे दर ३० मिनिटांनी स्कीमा रिफ्रेश होते आणि डाव्या बाजूच्या यादीवर रिफ्रेशचं बटण आहे. पण रिडॅशमध्ये सगळं एसक्यूएलच (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) लिहायचं असल्यामुळे यादीत कॉलम दिसला नाही तरी क्वेरी चालते. यादी फक्त बघायला आणि नावं सुचवायला. तिफणताई, तुम्ही मेटाबेसच्या एसक्यूएल एडिटरमध्ये 'सिलेक्ट तापमान' करून बघा, चाललं तर सिंकचा प्रश्न, नाही चाललं तर डेटाबेसचा. अर्धं काम तिथेच होईल.

तिफण
@खडीसाखर, बघितलं. 'कॉलम अस्तित्वात नाही' म्हणतंय. आणि मुख्य युजरने लॉगिन करून टेबल उघडलं तर तापमान समोर दिसतंय, कालच्या नोंदीही भरलेल्या आहेत. डोकं चालेना.

जुनाखांब
मेटाबेस टेबल वाचतंय की व्ह्यू (टेबलांवर साठवून ठेवलेली क्वेरी)?

तिफण
अरेच्चा. व्ह्यू आहे! 'रोजचे_संकलन' नावाचा, माझ्या आधी जे होते त्यांनी बनवलेला. त्यात उत्पादकाचं नाव आणि केंद्राचं नाव जोडून घेतलंय. मेटाबेसमध्ये टेबल आणि व्ह्यू सारखेच दिसतात म्हणून लक्षात आलं नाही. पण त्यात 'सिलेक्ट स्टार' (म्हणजे सगळे कॉलम) आहे हो, मग नवा कॉलम यायला नको का?

जुनाखांब
नाही येत. पोस्टग्रेसमध्ये व्ह्यू बनवताना स्टारचा विस्तार त्याच क्षणी होतो आणि तेव्हाची कॉलमांची यादी पक्की होऊन बसते. नंतर टेबलात काही वाढलं तरी व्ह्यूला त्याचा पत्ता नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्येही यादी अशीच गोठते. तुम्ही सिंकचं बटण दिवसभर दाबलंत तरी मेटाबेसला तेच उत्तर मिळणार, कारण डेटाबेसच त्याला जुनी यादी देतोय.

आता गंमत बघा. तुमच्याकडे नाव बदलल्यामुळे जे तुटलं ते दर-तक्त्याचं. तो मेटाबेस थेट टेबलातून वाचत असणार. तोच जर व्ह्यूमधून वाचत असता तर काहीही तुटलं नसतं! पोस्टग्रेसचा व्ह्यू कॉलमला नावाने धरत नाही, टेबलातल्या त्याच्या क्रमांकाने धरतो. खाली 'रेट'चं 'मूळ_दर' झालं तरी व्ह्यूमधून बाहेर येताना तो 'रेट'च राहतो. मायएसक्यूएलवाल्यांनी यावर विसंबू नये, तिथे व्ह्यू निकामी होतो.

एका टेबलावर व्ह्यू असल्यामुळे नवा कॉलम अडला, दुसऱ्यावर व्ह्यू नसल्यामुळे जुने चार्ट तुटले.

कोरडवाहू
@जुनाखांब, हे भारी सांगितलंत. क्रमांकाचं मला माहीत नव्हतं.

तिफण
धन्यवाद जुनाखांबकाका. हो, दर-तक्ता थेट टेबलच आहे. 'क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू' (आहे तो व्ह्यू बदलायची आज्ञा) चालवला तर आता वेगळीच एरर आली, व्ह्यूच्या कॉलमचं नाव 'उत्पादक_नाव' वरून 'तापमान' करता येत नाही म्हणे. मी तर काही नाव बदललं नाही!

जुनाखांब
तुमच्या व्ह्यूत आधी स्टार आणि मग जोडलेली नावं असणार. टेबलात तापमान शेवटी वाढलं, पण स्टारचा विस्तार केल्यावर ते 'उत्पादक_नाव'च्या आधी घुसलं, त्यामुळे त्या जागेवरचं नाव बदललं असं पोस्टग्रेसला दिसतं. 'ऑर रिप्लेस'ला नवे कॉलम फक्त शेवटी चालतात. आधीच्यांची नावं, क्रम, टाइप बदललेले चालत नाहीत. स्टार काढून टाका, एकेक कॉलम नावाने लिहा आणि तापमान सगळ्यात शेवटी टाका. लगेच होईल.

व्ह्यू ड्रॉप करून (काढून टाकून) नव्याने बनवायचा झाला तर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, असं) करा, पोस्टग्रेसमध्ये ते चालतं. आणि मेटाबेसच्या युजरला ग्रँट परत द्या, ड्रॉपबरोबर ग्रँटही जातात. ते बरेच लोक विसरतात.

सिंहगडरोड
पॉवर बीआय या डॅशबोर्ड टूलवाले आहेत का इथे कुणी? आमचं दुःख जास्त मोठंय. सर्व्हिसवर शेड्यूल्ड रिफ्रेश लावला की लोकांना वाटतं सगळं अपडेट होतं, पण तिथे फक्त डेटा येतो, नवा कॉलम येत नाही. इम्पोर्टचं मॉडेल (डेटा कॉपी करून आत घेतलेलं) असेल तर डेस्कटॉपवर फाइल उघडायची, रिफ्रेश करायची, मग पुन्हा पब्लिश. आणि कॉलमचं नाव बदललं की रिफ्रेशच पडतो, कारण पॉवर क्वेरी (त्यातला डेटा आत आणणारा भाग) सुरुवातीलाच 'चेंज्ड टाइप' नावाची एक पायरी स्वतःहून घालते आणि त्यात प्रत्येक कॉलमचं नाव लिहिलेलं असतं. मी नवीन रिपोर्ट केला की ती पायरी आधी काढून टाकतो आणि टाइप शेवटी, लागतील त्याच कॉलमांना देतो.

सीएसव्हीवर बसलेल्यांनी एक नक्की बघा. फाइल पहिल्यांदा जोडताना त्यात जेवढे कॉलम होते तो आकडा पहिल्या ओळीत लिहिला जातो, समजा 'कॉलम्स=१२'. उद्या फाइलमध्ये तेरावा कॉलम आला तर तो गुपचूप गळतो, एररसुद्धा येत नाही. ॲडव्हान्स्ड एडिटर उघडून तेवढा भाग काढून टाकायचा.

फळा_खडू
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, प्रोग्रामिंग येत नाही, पण केंद्रातल्या शाळांची हजेरी आणि वाचनाची पातळी लुकर स्टुडिओ या गूगलच्या रिपोर्ट टूलवर मांडलीये. गूगल फॉर्म, त्याची शीट, त्यावर रिपोर्ट. फॉर्ममधल्या एका प्रश्नाचं शुद्धलेखन सुधारलं आणि रिपोर्टमधला तो तक्ता गेला. हे याच धाग्यात बसतं का?

खडीसाखर
@फळा_खडू सर, अगदी बसतं. फॉर्ममधल्या प्रश्नाचा मजकूर बदलला की जोडलेल्या शीटचं शीर्षक बदलतं, आणि लुकर स्टुडिओसाठी शीटचं शीर्षक म्हणजेच फील्डचं नाव. डेटा सोर्स एडिट करायला उघडा, खाली 'रिफ्रेश फील्ड्स' आहे ते दाबा, कुठलं फील्ड गेलं आणि कुठलं आलं ते तो दाखवेल. मग तक्त्यात नवं फील्ड निवडा. वरचं डेटा रिफ्रेशचं बटण वेगळं, त्याने फक्त आकडे ताजे होतात.

आणि पुढच्यासाठी, रिपोर्ट थेट फॉर्मच्या शीटवर ठेवू नका. त्याच फाइलमध्ये दुसरं पान करा, पहिल्या ओळीत तुमची स्वतःची आखूड शीर्षकं लिहा आणि खाली फॉर्मच्या पानातून फक्त उत्तरं ओढून घ्या. रिपोर्ट त्या पानाला जोडा. जुनाखांब जे व्ह्यूबद्दल सांगतायत तेच हे, शीटमध्ये.

फळा_खडू
समजलं! शाळा सुटली की करतो. मनापासून आभार.

डेटावाडी
इतक्या वेळात कुणी डीबीटीचं (असे व्ह्यू फाइलींतून बनवायचं टूल) नाव काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. हाताने व्ह्यू बनवत बसणं बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे. कुणी बनवला, कधी बदलला, का बदलला, कशाचा कशाला पत्ता नाही. तिफण यांच्याकडेही नेमकं तेच झालं, आधीच्या माणसाचा व्ह्यू होता आणि तो आहे हेच माहीत नव्हतं. डीबीटीत प्रत्येक मॉडेल (व्ह्यू किंवा टेबल बनवणारं एसक्यूएल) फाइलमध्ये असतं, गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) असतं, आणि २०२३ च्या १.५ आवृत्तीपासून मॉडेल काँट्रॅक्ट आहेत. म्हणजे या मॉडेलमधून अमुक कॉलम अमुक टाइपचे बाहेर पडतील असं लिहून ठेवायचं, तसं झालं नाही तर बिल्डच थांबतो. चार्ट तुटायच्या आधी कळतं.

जुनाखांब
डीबीटीला विरोध नाही. पण दूध संघात एकटी बाई हे सगळं बघतीये, तिच्या डोक्यावर आणखी एक टूल द्यायचं का? सात-आठ व्ह्यूंच्या एसक्यूएल फाइली एका फोल्डरमध्ये, गिटमध्ये ठेवल्या तरी तुम्ही म्हणता त्यातलं निम्मं मिळतं. व्ह्यू पन्नास झाले की डीबीटी आणा, तेव्हा मीही हो म्हणेन.

डेटावाडी
गिट मान्य असेल तर माझं भांडण नाही. फाइल हवी, एवढाच आग्रह.

शब्दवेल
थोडं विषयांतर. कॉलमची नावं सरळ मराठीत, देवनागरीतच का ठेवत नाही आपण? डॅशबोर्ड बघणारे मराठी, डेटा मराठी.

कोरडवाहू
पोस्टग्रेसला देवनागरी चालते. पण नावाची मर्यादा ६३ बाईटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाईट खातं, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून. म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. 'संकलन_केंद्राचा_क्रमांक' हे ६५ बाईट होतं, शेवटचा 'क' कापून टाकतो आणि एररऐवजी फक्त नोटीस देतो. मग क्वेरी चालते, पण मेटाबेसमध्ये 'क्रमां' दिसतं.

त्यापेक्षा डेटाबेसमध्ये नावं साधी ठेवा आणि मेटाबेसच्या टेबल मेटाडेटामध्ये दाखवायचं नाव मराठीत द्या. वर्णनही मराठीत लिहा, सचिव लोकांना फार उपयोगी पडतं. तिफणताई, 'रेट'चं 'मूळ_दर' सुद्धा तिथेच करता आलं असतं, टेबलाला हात न लावता.

तिफण
@कोरडवाहू, नाव बदलायचं कारण खरं होतं. आता दरात प्रोत्साहन रक्कम वेगळी दाखवायचीये आणि ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचा मूळ दर वेगळा, त्यामुळे नुसता 'रेट' लिहिला तर कुठला ते कळत नाही. शेतकऱ्याने विचारलं तर सचिवाला सांगता आलं पाहिजे. नाव बदललं ते योग्यच आहे, ते कसं बदलावं हा माझा प्रश्न.

जुनाखांब
मग असं. एका फटक्यात नाव बदलायचं नाही. आधी नवं नाव येऊ द्यायचं, जुनंही चालू ठेवायचं, चार्ट एकेक करून नव्यावर न्यायचे आणि कुणी वापरत नाही याची खात्री झाली की जुनं काढायचं.

तुमच्याकडे बदल होऊन गेलाय, पण उलटं करता येतं. पोस्टग्रेस १२ किंवा पुढचं असेल तर दर-तक्त्यात 'रेट' नावाचा जनरेटेड कॉलम वाढवा, ज्याची किंमत कायम 'मूळ_दर' एवढीच. साठवला जाणारा (स्टोअर्ड) कॉलम असेल तर टेबल पुन्हा लिहिलं जातं, पण दर-तक्ता छोटा असतो. मग सिंक करा. मेटाबेसने जुनं फील्ड पुसलेलं नसतं, निष्क्रिय करून ठेवलेलं असतं. त्याच टेबलात त्याच नावाचा कॉलम परत दिसला की तेच फील्ड पुन्हा जागं होतं आणि त्यावर बांधलेले चार्ट चालू होतात. एसक्यूएलचे प्रश्नही चालतील, कारण नाव परत आलंय.

वेधशाळा
सुपरसेट या डॅशबोर्ड टूलवाल्यांसाठी लिहून ठेवते, कुणीतरी शोधत येईल. तिथे डेटासेटची कॉलम यादी आपोआप बदलत नाही. डेटासेट एडिट करायचा, 'कॉलम्स' टॅब, 'सिंक कॉलम्स फ्रॉम सोर्स', आणि मग सेव्ह. सेव्ह करायचं राहिलं की काहीच झालेलं नसतं. नाव बदललेला कॉलम सिंकमध्ये जुना जातो आणि नवा येतो, त्यामुळे जुन्याला दिलेलं मराठी लेबल आणि वर्णन जातं, ते आधी कॉपी करून ठेवा. मेट्रिक्स (बेरीज-सरासरीची सूत्रं) मात्र तशीच राहतात, त्यात जुनं नाव अडकलेलं असतं, ती हाताने बदलायची. तारखेचा कॉलम नवा असेल तर त्यावर 'टेम्पोरल'ची खूण आहे ना ते बघायचं, नाहीतर वेळेच्या अक्षावर घेता येत नाही.

रात्रपाळी
एक फार महत्त्वाचं कुणीच लिहिलं नाही. हे बदल करायची वेळ. ऑल्टर टेबलला (टेबलाची रचना बदलायची आज्ञा) टेबलाचं पूर्ण कुलूप लागतं. कॉलम वाढवणं तसं क्षणाचं काम, २०१८ च्या पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्ट किंमत दिली तरी टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. पण ते कुलूप मिळायला आधीच्या क्वेऱ्या संपाव्या लागतात. कुणी डॅशबोर्डवर वर्षभराचा अहवाल उघडून बसलं असेल तर ऑल्टर त्याच्या मागे थांबतो, आणि ऑल्टरच्या मागे प्रत्येक नवी नोंद थांबते. एका संस्थेत भर पाळीला हे झालेलं मी पाहिलंय. बाहेर कॅन घेऊन माणसं उभी आणि काट्यावरची नोंद पुढे सरकेना. दूध थांबत नाही हो, उन्हात नासतं.

म्हणून आधी 'लॉक टाइमआउट' काही सेकंदांचा लावा, मगच ऑल्टर चालवा. कुलूप मिळालं नाही तर तो स्वतः मागे हटतो, थोड्या वेळाने परत करायचा. आणि पाळीच्या वेळेत हात लावायचाच नाही.

तिफण
@रात्रपाळी, हे वाचून अंगावर काटा आला. हे मी सॉफ्टवेअरवाल्यांना आजच लिहून कळवते. पाळी चालू असताना टेबलाला हात नाही, हे कामाच्या करारातच घालायला सांगणार आहे.

खडीसाखर
धाग्यात दूध आहे, साखर मी आहे, चहापत्ती कोण आणतंय?

डेटावाडी
@खडीसाखर, आलं माझ्याकडून. पण गिटमध्ये टाकून.

तिफण
केलं सगळं! काल संध्याकाळची पाळी संपल्यावर बसले. व्ह्यूमधला स्टार काढला, कॉलम नावानिशी लिहिले, तापमान शेवटी, 'ऑर रिप्लेस' निमूट चालला. दर-तक्त्यात 'रेट' जनरेटेड कॉलम म्हणून परत आणला. सिंक केलं आणि दराचे सगळे चार्ट जसेच्या तसे उभे राहिले, त्यांचे फिल्टरसुद्धा. जुनाखांबकाका, तुमचे आभार कसे मानू. आज सकाळी एका केंद्राच्या सचिवांचा फोन आला की तापमान दिसायला लागलंय आणि त्यांच्या एका मार्गावरची गाडी रोज उशिरा पोचते ते त्यात उघड दिसतंय. हे आधी कुणाच्या नजरेतच येत नव्हतं!

आता दर-तक्त्यावरही व्ह्यू बनवतीये, दोन्ही नावांचा. पण त्याला एक अडचण दिसते. मेटाबेससाठी तो नवं टेबल होणार, मग जुने चार्ट तर जुन्या टेबलालाच जोडलेले राहतील?

जुनाखांब
राहतील. ते एकदा हलवावेच लागतात, त्याला पळवाट नाही. आता जनरेटेड कॉलममुळे घाई नाही. जे चार्ट लोक रोज बघतात ते आधी हलवा, बाकीचे सवडीने. एसक्यूएलच्या प्रश्नांत फील्ड फिल्टर लावले असतील तर ते जुन्या टेबलाच्या कॉलमला बांधलेले असतात, तेही बदला.

आणि एक, 'फॅट' नंबरमध्ये आहे ना? काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो टेक्स्ट असतो.

तिफण
बघून आले. टेक्स्टच आहे. म्हणूनच सरासरी काढायला आधीच्यांनी प्रत्येक चार्टमध्ये एसक्यूएल लिहिलंय तर!

जुनाखांब
मग टेबलाचा टाइप बदलायला जाऊ नका. व्ह्यूमध्ये वापरलेल्या कॉलमचा टाइप बदलू देत नाही, एरर येईल. आणि टेबल पूर्ण पुन्हा लिहिलं जाईल, संकलनाचं टेबल मोठं असणार. व्ह्यूमध्येच शेवटी 'फॅट_अंक' असा नवा कॉलम टाका, टेक्स्टचा अंक करून. रिकामी किंवा रेघ मारलेली नोंद असेल तर तिथे नल (किंमत नाही अशी खूण) द्या, नाहीतर एका नोंदीपायी अख्खा व्ह्यू पडेल.

तिफण
रेघा आहेत, मशीन बंद असतं तेव्हा मारतात. आज रात्री टाकते आणि इथे कळवते.